एक्केचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कोणीच वाचत नाही, तो ती वाचायची. तेच तिचं काम होतं. छापखान्यात ती एकतीस वर्षं मुद्रितशोधक होती. 'दिवसातून दोनदा'च्या जागी 'दोन दिवसांतून एकदा' असं छापून बाहेर पडणारा कागद तिने दारातून परत आणलेला होता, तोही एकदा नव्हे. छापखान्यातले लोक तिला पाठीमागे खाडाखोडबाई म्हणायचे. पुढे तोंडावरही म्हणायला लागले, तेव्हा तिने एवढंच सांगितलं की हा एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडायची नाही.

घरी ती बास्केटबॉलची जुनी कार्डं सांभाळायची. पन्नास वर्षांपूर्वी एका च्युइंगगमच्या पाकिटात एकेक कार्ड यायचं. तिची मावशी तेव्हा सिगारेट सोडायची म्हणून दिवसाला चार-चार पाकिटं चघळायची आणि कार्डं नऊ वर्षांच्या भाचीला द्यायची. मावशीची सिगारेट काही सुटली नाही, पण भाचीचा शहाण्णव कार्डांचा संच पूर्ण झाला.

पुढे खेळाडूचा फोटो, मागे सात ओळी. उंची, नोकरी, आवड, टोपणनाव, त्या हंगामातले गुण आणि उरलेल्या जागेत मावेल ते. त्या लीगमध्ये खेळायचे कोणाला पैसे मिळत नसत, त्यामुळे प्रत्येकाला दुसरं काहीतरी काम होतं. सतरा नंबर घड्याळं दुरुस्त करायचा आणि मॅचला कायम उशिरा यायचा. हेही कार्डावर छापलं होतं. बासष्ट नंबरच्या आवडीसमोर 'शांतता' असं लिहिलं होतं. लीग सात हंगाम चालली आणि बंद पडली. तिच्या बातम्या छापणारं वर्तमानपत्रही बुडालं, आणि त्याचे जुने अंक तळघरात पाणी शिरून लगदा झाले. म्हणजे ही माणसं कधीकाळी खेळली होती, याला पुरावा म्हणून उरले ते हे सात ओळींचे शहाण्णव पुठ्ठे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "शंभर माणसं घरात आणून ठेवलीस. दारावर एक आला तर मात्र तू आत जाऊन बसतेस."

"शहाण्णव," ती म्हणायची.

असले पुठ्ठे जपणारे गावात आणखी दोघे होते. एक दातांचे डॉक्टर आणि एक रिटायर झालेले पोस्टमास्तर. दर रविवारी सकाळी तिघं डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकड्यांवर बसायची. त्या खोलीत कोणी आपण होऊन येऊन बसतंय, याचंच डॉक्टरांना अप्रूप होतं.

वाद एकाच गोष्टीवर व्हायचा. एक्केचाळीस नंबरच्या आणि अठ्ठ्याहत्तर नंबरच्या कार्डावर एकाच माणसाचा फोटो होता. नावं वेगळी, संघ वेगळे, जर्सी वेगळ्या, मागच्या ओळी वेगळ्या. माणूस मात्र तोच. एक्केचाळीसचं टोपणनाव 'शिडी'. बेकरीची गाडी चालवायचा, हंगामात दोनशे बारा गुण. अठ्ठ्याहत्तरचं 'कुलूप'. वजनकाट्यावर नोकरी, बचावात सगळ्या लीगमध्ये पहिला. डॉक्टरांचं म्हणणं, फोटो शिडीचा. पोस्टमास्तरांचं म्हणणं, कुलपाचा. या एका गोष्टीवरून दोघांनी पूर्वी एक अख्खा हिवाळा अबोला धरला होता. तरी रविवारी यायचे दोघंही, आणि खाडाखोडबाईमार्फत बोलायचे.

"एकाच फोटोची निगेटिव्ह काच उलटी छापलीय," डॉक्टर म्हणायचे. "इथे भांग डावीकडे आहे, इथे उजवीकडे. झालं."

"मग जर्सीवरचे आकडेही उलटे पडले असते," ती म्हणायची. "आणि तीळ दोन्हीकडे डाव्याच गालावर आहे. काच उलटली आणि तीळ तेवढा राहिला?"

यावर डॉक्टर तिच्या दातांची चौकशी करायचे.

हे असंच चाललं असतं. पण डॉक्टरांनी सगळ्या संचाची यादी करायला घेतली आणि तपासायला तिच्याकडे दिली. यादीत एक्केचाळीससमोर लिहिलं होतं, 'फोटो: खेळाडूचा'. अठ्ठ्याहत्तरसमोर लिहिलं होतं, 'फोटो: खेळाडूचा?' ते प्रश्नचिन्ह बघून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. अर्धवट माहिती तिच्या हातून कधी छापून गेली नव्हती. तिने पोस्टमास्तरांना दोघांचे पत्ते शोधायला सांगितलं. पोस्टमास्तरांनी चार दिवसांत आणले. शिडी अकरा वर्षांपूर्वी वारला होता, पण त्याची बहीण होती. कुलूप हयात होता.

ती आधी बहिणीकडे गेली.

बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची, शाळांचे गणवेश शिवणारी. घरातली एक खोली अजून निळ्या कापडाने भरलेली होती आणि मशीन चालू होतं. तिने पाय थांबवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एक्केचाळीस नंबरचं कार्ड उजेडाकडे धरलं.

"जर्सी माझ्या भावाची आहे," ती म्हणाली. "आत आहे तो माणूस माझा भाऊ नाही."

"नक्की?"

"अहो, हा उजवा खांदा मी उसवून परत शिवलाय. शिवण दिसतेय बघा, दोऱ्याचा रंग जुळला नव्हता. आणि आतल्या माणसाला ती जर्सी खांद्यात ढगळ होतेय. दादाला ती कधी ढगळ झाली नाही, उलट मी ओरडायचे की श्वास घेऊ नकोस." तिने कार्ड परत दिलं. "हे कार्ड निघालं तेव्हा आई बघून म्हणाली, पोरगा फोटोत वाळलाय. मी म्हटलं, आई, हा दुसराच कोणी आहे. आई म्हणाली, छापलंय ना त्याचं नाव? मग तोच. गेली तोपर्यंत उशाशी हेच ठेवलं होतं तिने."

"आणि तुमचे भाऊ काय म्हणाले?"

"दादा काय म्हणणार? म्हणाला, कॅमेऱ्याने मला ओळखलं नाही. त्याचं बोलणं असंच, एका वाक्यात आटपायचा. त्या वर्षी त्याच्या संघाने ट्रॉफी जिंकली, तीही त्याने पलंगाखाली ठेवून दिली. मी एकदा पुसून कपाटावर मांडली, तर परत पलंगाखाली." बहिणीने कापड पुढे सरकवलं. "मला तर वाटतं, त्याला लाज वाटत होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं की फायनल कुलपाने विकली. दहा मिनिटं झाली असतील नसतील तोवर साहेब मैदानातच बसले खाली. लोक म्हणायचे, कुलपाला सोन्याची किल्ली लागली. मीही म्हणायचे. दादाला तोंडावर म्हणायचे, तुझी ट्रॉफी फुकटची आहे. माझी मुलगी तेव्हा दोन दिवसांची, मी हॉस्पिटलात अर्धमेली पडलेली, आणि बाहेर ही असली नाटकं."

"त्यावर ते काय म्हणायचे?"

"उठून गाडी धुवायला जायचा."

खाडाखोडबाईने वहीत लिहिलं, 'एक्केचाळीस: फोटो खेळाडूचा नाही.' म्हणजे पोस्टमास्तरांचं बरोबर होतं. तिला ते फारसं आवडलं नाही, पण चूक दुरुस्त होत होती.

पुढच्या शनिवारी ती कुलपाकडे गेली. दार उघडणाऱ्या उंच म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बासष्ट किलो. पिशवीसकट."

"पिशवी दीड किलोची आहे," ती म्हणाली.

"एक सातशे," म्हातारा म्हणाला आणि बाजूला झाला.

चाळीस वर्षं वजनकाट्यावर काढली की असं होतं, असं त्याच्या सुनेने चहा ठेवताना समजावून सांगितलं. पाहुण्यांनी मनावर घ्यायचं नाही. कुलपाने दोन्ही कार्डं हातात घेतली. बराच वेळ बघत राहिला. मग टेबलावर उपडी ठेवली.

"हा मी नाही."

"हा शिडीही नाही. त्यांची बहीण म्हणाली."

"ती म्हणाली तर बरोबर आहे. फायनलच्या दोन दिवस आधी फोटो काढले, तेव्हा आम्ही दोघंही तिथे नव्हतो."

"कुठे होतात?"

"गाडी चालवत होतो."

"दोघंही? एका गाडीत? फायनलच्या दोन दिवस आधी? तुम्ही तर एकमेकांच्या विरुद्ध खेळणार होतात."

"म्हणून तर सांगायचं नाही असं ठरलं. मी शब्द दिलाय, त्यानेही दिला. तो पाळून गेला. आता मी कसा मोडू?"

सून दारात थांबली होती. ती म्हणाली, "बाबा, या बाई एवढ्या लांबून आल्यात."

"अकरा किलोमीटर," कुलूप म्हणाला. मग एक कार्ड पुन्हा सरळ करून म्हणाला, "पण फोटोतल्या माणसाने कोणाला शब्द दिलेला नाही. त्याच्याकडून कोणी मागितलाच नव्हता. हॉलची फरशी घासायचा तो पॉलिशवाला. हॉलमागच्या दोन खोल्यांत राहतो, अजूनही असेल. असली माणसं मरत नाहीत, त्यांची कामं संपलेली नसतात."

ज्या हॉलमध्ये लीग खेळली जायची तिथे आता फर्निचरचं गोदाम होतं. मागच्या खोलीत ऐंशी वर्षांचा एक माणूस खुर्चीवर बसून बूट पुसत होता. डाव्या गालावर तीळ होता. खाडाखोडबाई दारातच उभी राहिली. पन्नास वर्षं तिने हा चेहरा दोन वेगवेगळ्या नावांनी पाहिला होता आणि आता त्याला काय म्हणून हाक मारावी ते तिला कळेना.

तिने दोन्ही कार्डं पुढे केली.

"हो, मीच," पॉलिशवाला म्हणाला. "हसू नका म्हणाला होता फोटोवाला. मी तसाही हसणार नव्हतो."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही. आज तुम्ही विचारलंत. बसा. त्या सोफ्यावर नको, तो विकायचा आहे."

त्याने सगळं सांगितलं, आणि ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगितलं, त्यामुळे तिला वहीत एकही ओळ खोडावी लागली नाही.

हॉलमध्ये फोन एकच होता आणि तो पॉलिशच्या डब्यांच्या खोलीत होता. फायनलच्या दोन दिवस आधी दोन्ही संघांना फोटोसाठी बोलावलं होतं. च्युइंगगमवाल्या कंपनीने ट्रॉफी दिली होती आणि तिची अट होती की जो फोटोला नाही तो फायनलला नाही. खेळाडू कपडे बदलत होते तेवढ्यात फोन वाजला. शिडीची आई बोलत होती. मुलगी बाळंत झाली, रक्त थांबत नाही, जावई बोटीवर नोकरीला आहे, हॉस्पिटलात रक्त मागताहेत. पॉलिशवाल्याने शिडीला बाजूला घेऊन निरोप दिला. शिडी जर्सी काढून फेकत रस्त्यावर धावला. त्याची बेकरीची गाडी गॅरेजात होती. हॉलसमोर गाडी होती फक्त एकाची.

"कुलपाची," ती म्हणाली.

"कुलपाची. दोघांचं तोवर एकमेकांशी धड बोलणंही नव्हतं. कोर्टवर काय बोलायचे तेवढंच, ते मी तुमच्यासमोर बोलणार नाही. पण कुलपाने काही विचारलं नाही. जर्सी काढली, किल्ली काढली. मी मागचं दार उघडलं."

"आणि फोटो?"

"फोटोवाला पासपोर्टचे फोटो काढणारा होता. त्याला बास्केटबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. यादी घेऊन नंबर पुकारत होता. एक्केचाळीस पुकारलं. आता तिथे कोणी नसतं तर शिडी फायनलमधून बाद. मी उंचीला बरा होतो. जर्सी खाली पडलेली होती, घातली, जाऊन उभा राहिलो. बाकीचे खेळाडू बघत होते, दोन्ही संघांचे, पण कोणी हूं का चूं केलं नाही. त्यांना वाटलं, कुठेतरी दारू पीत बसले असतील, सांभाळून घेऊ. मग अठ्ठ्याहत्तर पुकारलं. मी भांग बदलला."

"फोटोवाल्याला कळलं नाही?"

"तो म्हणाला, तुम्ही दोघं भाऊ का? मी म्हटलं, नाही."

खाडाखोडबाईने हेही लिहून घेतलं.

"संध्याकाळ व्हायच्या आत दोघं परत आले," पॉलिशवाला म्हणाला. "कुलपाच्या कोपराला कापूस बांधला होता. तोंड चुन्यासारखं. मी खुर्ची दिली. शिडी त्याच्या शेजारी जमिनीवर बसला होता. दोन दिवसांनी फायनल झाली. अकराव्या मिनिटाला कुलूप त्या तिकडे, आता ते तीन दारांचं कपाट आहे ना, तिथे खाली बसला. लोकांनी टोप्या फेकून मारल्या. जागा पुसायला मीच गेलो."

"आणि शिडी?"

"शिडी त्यानंतर एकदाही बास्केटकडे बॉल घेऊन गेला नाही. नुसते पास देत राहिला. तरी जिंकले."

कार्डाच्या मागे होतं, 'अंतिम सामन्यात चार गुण.' तिला ती ओळ पाठ होती. लहानपणापासून तिला वाटायचं, एवढ्या मोठ्या खेळाडूने चारच का केले? आकडा चुकला असेल, चौदा असेल, छपाईचा एक खिळा पडून गेला असेल. आकडा बरोबर होता.

दुसऱ्याच दिवशी, रविवार असूनही, ती दवाखान्यात गेली नाही. शिडीच्या बहिणीकडे गेली आणि वही वाचून दाखवली. वाचताना वर बघितलं नाही, कारण वर बघितलं की ओळ चुकते. वाचून झालं तेव्हा मशीन केव्हाच थांबलेलं होतं.

"दोन बाटल्या दिल्या होत्या मला," बहीण म्हणाली. "नर्स सांगायची, तुझं नशीब, वेळेवर कोणीतरी आलं. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, एक उंच माणूस. मी म्हटलं असेल कोणी."

"तुमचा भाऊ गेला होता, म्हणजे—"

"नाही." बहीण खुर्चीवरून उठली, परत बसली. "दादाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रक्त द्यायला गेले होते. घेतलं नाही. म्हणाले, तुमचा गट वेगळा, त्यांचा वेगळा. त्याचं मला चालत नाही, माझं त्याला नाही. दादा कॉटवर पडून छताकडे बघत होता. मी म्हटलं, सख्खा भाऊ आणि एवढंही जुळू नये? तर म्हणाला, जुळतं एखाद्याचं."

खाडाखोडबाईने वही मिटली. मग बहीण म्हणाली, "कापूस कुलपाच्या हाताला होता, म्हणालात ना?"

"कुलपाच्या."

"दादा गेला तेव्हा तो आला होता. इथे, या खोलीत. पंधरा मिनिटं भिंतीला टेकून उभा होता. चार खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्याला बस म्हटलं नाही. मनात म्हटलं, आता कशाला तोंड दाखवायला आलाय." तिने मशीनवरचं कापड काढलं, नीट घडी केली आणि कपाटात ठेवलं. शाळेचे चाळीस गणवेश सोमवारी द्यायचे होते. "चला," ती म्हणाली.

कुलपाने दार उघडलं. खाडाखोडबाईकडे बघून मान हलवली. तिचं वजन झालेलं होतं. मग शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं आणि सवयीने म्हणाला, "अठ्ठावन्न किलो."

"त्यात तुमचं किती?" बहिणीने विचारलं.

म्हाताऱ्याचा हात चौकटीवर होता तो तिथेच राहिला. सून स्वयंपाकघरातून कोण आलंय म्हणून विचारत होती.

"पाऊण किलोसुद्धा नसेल," तो शेवटी म्हणाला. "आणि पन्नास वर्षं झाली. आता सगळं तुमचंच."

"आत घ्याल का?"

"बसा," तो म्हणाला. खुर्ची त्याने स्वतः ओढली. बहीण बसली. ती नुसती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "सगळ्या गावात मी तुम्हाला विकलेला म्हटलं."

"सगळेच म्हणत होते. तुम्ही निदान तेव्हा मला चेहऱ्याने ओळखत नव्हता. माझ्या संघातले दहा जण रोज भेटायचे."

"मग सांगायचं होतं ना!"

"काय सांगायचं? फायनलच्या आधी मी शिडीला गाडीत घालून घेऊन गेलो होतो, असं? त्यांनी तिथेच फासावर दिलं असतं. आणि तुमच्या भावाने फायनल झाल्या रात्रीच हात धरला होता. म्हणाला, मी सांगतो सगळ्यांना. मी म्हटलं, सांगितलंस तर फोटोचं बाहेर पडेल, तुझी ट्रॉफी जाईल आणि पॉलिशवाल्याची नोकरी. एकाचं नाव खराब होऊन भागतंय, तर दोघांचं कशाला? तेव्हा शब्द घेतला मी त्याच्याकडून. त्याला जड गेला तो, मला ठाऊक आहे. दर महिन्याला पाव आणून द्यायचा, दारात ठेवून जायचा, बेल वाजवायचा नाही."

सून दारात उभी होती. ती या घरात आली तेव्हापासून तिला सासऱ्यांची ती एकच गोष्ट माहीत होती, आणि तीही बाहेरून कळलेली. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सुरू राहिला.

"आता तरी छापू या," खाडाखोडबाई म्हणाली. "शुद्धिपत्र काढू. दोन्ही कार्डांचं. मी मजकूर तयार केलाय."

"नको."

"का?"

"माझ्या संघातले तिघं अजून आहेत. पन्नास वर्षं माझ्यावर चिडून काढलीत त्यांनी. आता या वयात त्यांना दुपारचं दुसरं काम कुठून मिळणार?"

ती हट्टाला पेटली होती. "हे बरोबर नाही. चूक माहीत असून ठेवायची?"

"मी गेल्यावर काढा."

"आणि मी आधी गेले तर?" बहीण म्हणाली.

"तर तुमच्याबरोबर माझं थोडं जाईलच," कुलूप म्हणाला.

हे ऐकून बहीण हसली की रडली, ते खाडाखोडबाईला नीट ठरवता आलं नाही आणि तिने ते लिहिलंही नाही.

पुढच्या रविवारी दवाखान्यात तिने एवढंच जाहीर केलं की फोटो दोघांपैकी कोणाचाच नाही, हॉलच्या पॉलिशवाल्याचा आहे. डॉक्टर आणि पोस्टमास्तर दोघंही चुकले होते, त्यामुळे दोघांचंही समाधान झालं. यादीतलं प्रश्नचिन्ह निघालं. पॉलिशवाल्याला दवाखान्यात बोलावून दोन्ही कार्डांवर सही घेण्यात आली. सही करण्याआधी तो खाली वाकून फरशी बघत होता. डॉक्टरांनी विचारलं, "कशी वाटली?" तो म्हणाला, "तुम्ही मला विचारलंय, मी सांगेन, पण तुम्हाला आवडणार नाही."

बहीण मग दर गुरुवारी कुलपाकडे जायला लागली. पलंगाखालची ट्रॉफी तिने त्याच्याकडे नेली. त्याने ती परत पाठवली. तिने पुन्हा नेली. सहा-सात गुरुवार ट्रॉफी अशी बसने ये-जा करत होती. शेवटी सुनेने ती घेतली आणि कपाटात वरती ठेवली, म्हाताऱ्याचा हात पोचत होता तरी त्याने ती काढली नाही. बहिणीची मुलगी, जिच्या जन्माच्या दिवशी हे सगळं झालं, पन्नाशीला आली होती. आईबरोबर एकदा ती आली. कुलपाने तिला बघितलं आणि वजन सांगितलं नाही. कोणत्याही पाहुण्याचं न सांगितलेलं ते एकच वजन, असं सून म्हणायची.

तीन वर्षांनी, जेवून उठताना, कुलूप गेला. त्या आठवड्यात खाडाखोडबाईने छापखान्याकडून शुद्धिपत्र काढून घेतलं. औषधाच्या पत्रकाचाच कागद, तेवढ्याच घड्या. एका बाजूला एक्केचाळीस, दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याहत्तर. कार्डासारख्याच सात-सात ओळी. जास्त बसत नव्हत्या. जुन्या खेळाडूंचे जेवढे पत्ते पोस्टमास्तरांकडे होते तेवढ्यांना धाडलं.

दहा-बारा दिवसांनी छापखान्यात एक म्हातारा आला. काठी होती, पण तो ती टेकत नव्हता, काखेत धरली होती. हातात शुद्धिपत्र उलगडलेलं होतं. खाडाखोडबाईच्या टेबलासमोर उभा राहून त्याने ते दोन्ही बाजूंनी पुन्हा वाचलं, जणू ती तिथे नव्हतीच.

"मी तेवीस नंबर," तो म्हणाला. "कुलपाच्या संघात होतो. हे खरं आहे?"

"मी स्वतः तपासलंय."

"फायनलला तो खाली बसला, तेव्हा पहिली टोपी मी फेकली होती. आमच्याच बाकावरून." त्याने कागदाची घडी घातली. "त्याने उचलून परत आणून दिली मला. मला वाटलं, निर्लज्ज आहे."

तिने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. पलीकडे यंत्र चालू होतं आणि खोकल्याच्या औषधाची पत्रकं एकावर एक पडत होती.

"आणखी दोन मिळतील का?" त्याने विचारलं. "आम्ही तिघं उरलोय. एकाला जिना चढवत नाही आणि दुसऱ्याला दिसत नाही, त्याला मी वाचून दाखवेन."

तिने खणातून दोन काढून दिली. त्याने ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, बटण लावलं, आणि कुलपाची सून कुठे राहते ते विचारलं. तिने पत्ता लिहून दिला, बस कुठली घ्यायची तेही लिहिलं. तो दरवाजापर्यंत गेला आणि परत आला.

"ती दुपारी घरी असते का?"

"असते," ती म्हणाली. "आज गुरुवार आहे. शिडीची बहीणही असेल."

त्याने मान हलवली, काठी काखेतून काढून हातात घेतली, आणि पहिल्यांदाच ती टेकत टेकत जिना उतरून गेला.